जोडीची उजवी बाही

बद्रुद्दीन मास्तर गेले हे ज्या दिवशी कर्जतला कळलं, त्याच दिवशी जना त्यांच्याकडे काम मागायला आली होती.

चव्वेचाळीस सालचा एप्रिल होता. स्टेशनाच्या मागे भाताची एक बंद पडलेली गिरणी होती. तिच्या गोदामात लष्करासाठी खाकी शर्ट शिवायचा कारखाना चालायचा, आणि मास्तर तिथे कापड कापायचे. जना मूळची कडावची, पण मुद्र्याला आत्याकडे राहत होती. आत्याने मास्तरांच्या घरी शब्द टाकला होता, की पोरगी काजं-बटणं चांगली करते. मास्तर म्हणाले होते, "मुंबईहून सुया घेऊन येतो, मग द्या पाठवून." म्हणून जना उन्हातून चालत आली, पदराने तोंड पुसलं आणि गोदामाच्या दारात उभी राहिली.

आत मशिनं चालू होती. पहिल्या मशीनवरच्या माणसाने मान वर केली. तिशीच्या आतबाहेरचा, सावळा, शांत डोळ्यांचा. त्याच्या शर्टाची डावी बाही कोपराला फाटली होती. जनाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच... सगळ्या फौजेचे शर्ट शिवतो, आणि स्वतःची बाही फाटकी!

"कोण पायजे?" त्याने विचारलं.

"मास्तर. त्यांनीच बोलावलंय."

"मुंबईला गेल्यात. आज-उद्या येतील. ऊन लय हाय, पाणी घे."

त्याने माठातून पेला भरून पुढे केला. तहानेने जनाचा हात पटकन पुढे गेला, आणि तो डावा होता. तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि उजव्याने पेला धरला. त्याने पाहिलं.

पेला तोंडाला लागायच्या आत दारात सावली पडली. मास्तरांचा मेहुणा इद्रिस आला होता. तो मुंबईला राहायचा. त्याने कुणाला हाक मारली नाही. सरळ कापायच्या टेबलाजवळ गेला, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी खाली ठेवलं आणि फडकं सोडलं. मास्तरांची मोठी कात्री होती.

"धार लावायला टाकली होती," इद्रिस म्हणाला. "दुकानात होती म्हणून राहिली."

"आणि मास्तर?" तो शिवणारा उभा राहिला.

"गोदीत आगबोट फुटली, सहदेव. दुल्हाभाई सुया आणायला त्याच अंगाला गेले होते. आमी समदी इस्पितळं बघितली... मातीला द्यायलाबी काय मिळालं नाय."

एकेक मशीन थांबलं. शेवटचं थांबलं ते म्हाताऱ्या येसाजीचं. त्याच्या सुईखाली कापड नव्हतं, तरी त्याचे पाय चालत होते.

ज्या माणसाला भेटायला आपण आलो तो आता नाही, हे जनाला आणि कारखान्याला एकाच वेळी कळलं. परत जावं की थांबावं? तिने पेला खाली ठेवला. कोपऱ्यात काजं न केलेल्या शर्टांचा ढीग होता. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि सुई मागून घेतली. कुणी तिला बस म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली.

कारखाना कल्याणच्या मोरूशेठचा. तो आठ दिवसांनी आला, टोपी काढून मास्तरांच्या टेबलासमोर थोडा वेळ उभा राहिला, आणि मग बोलू लागला.

"शिवणारे एकवेळ मिळतील. कापणारा कुठून आणू? पुण्याच्या फौजी कारखान्याने चांगले कारागीर सगळे उचलले. उरले ते पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या वाटेला लागले. भिवंडीत एकाला दुप्पट पगार सांगितला, तर तो मलाच विचारतो, मटण कितीदा देणार?"

शेठने गोदामाच्या भिंतीला लावलेल्या गासड्यांकडे बोट केलं. "हे पुढच्या लॉटचं कापड. याला कुणी हात लावू नका. आत्ताचा लॉट पावसाच्या आत गेला तर पुढचं बघू. नाही गेला, तर गासड्या आणि मशिनं कल्याणला नेतो. मग कुणी मला बोल लावायचा नाही."

कापणारा शोधायला सगळेच लागले. नेरळहून एकजण आला. तो माथेरानच्या घोड्यांची खोगिरं शिवायचा. त्याने कापलेला पहिला शर्ट घोड्यालाच बसला असता. दुसरा आला तो जेवला, झोपला आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेला.

मग सहदेव स्वतः कात्री घेऊन उभा राहिला. शिवणकामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खालापूरकडच्या शेतकऱ्याचं पोर, मास्तरांनीच त्याला मशीनवर बसवलेलं. पण मास्तरांची कात्री त्याला दाद देईना. पाती आपसांत सरकत होती, कापड मध्ये दुमडत होतं आणि रेघ पात्याखाली झाकली जात होती. त्याच्या अंगठ्याला फोड आले. दुसरी कात्री एवढे थर कापू शकत नव्हती, आणि नवी विलायतेहून यायची ती लढाईने बंद.

जना कोपऱ्यातून बघत होती. तिचा डावा हात मांडीवर आपोआप उघडत-मिटत होता.

एका दुपारी सगळे बाहेर आंब्याखाली जेवायला बसले होते. जनाने घाईने भाकरी संपवली आणि टेबलाजवळ आली. जरा बघावी म्हणून तिने कात्री उचलली... डाव्या हाताने. अंगठा भोकात गेला, बोटं खाली बसली. जणू कुणी तिच्या हाताचं माप घेऊनच ती घडवली होती. तिने खाकी चिंधी घेतली आणि कात्री चालवली. कर्र, कर्र. कापड सरळ दुभंगत गेलं.

"कुठं शिकलीस?"

सहदेव दारात उभा होता. जनाने हात पाठीमागे नेला.

"नाय शिकले. चिंधी होती, फुकटची."

"लपवतेस कशाला? एवढी मोठी कात्री, ती पाठीमागनंपण दिसतीय."

तिला हसू आलं, आणि त्याच्यामागून भीतीही आली. "आत्याला सांगू नका. ह्या हातापायी माजं लगीन मोडलंय. कशेळ्याचं स्थळ होतं. त्या पोराचा बाप जेवायला बसला, आन् मी घाईत भात वाढला... डाव्या हातानं. ताटावरनं उठला तो."

सहदेवने जरा विचार केला. "भात शिजला होता का नीट?"

"होता की!"

"मग चूक त्याची."

जना त्याच्याकडे बघतच राहिली. तो टेबलाजवळ आला. चिंधीची कापलेली कड त्याने बोटाने चाचपली.

"मास्तर डावखुरे होते," तो म्हणाला. "ही कात्रीच डाव्या हाताची हाय. पाती उलटी बसवलेली. मी रोज समोर बसायचो, पण माज्या डोक्यात कधी आलं नाय. उजव्या हातानं तिच्याशी झटापट करीत बसलो." मग हळूच म्हणाला, "तू कापशील?"

"मी?"

"दुसरं कोण हाय?"

"चुकलं तर?"

"चुकलं तर मी उसवीन. मला उसवता येतं."

कात्री मास्तरांची, म्हणून आधी त्यांच्या घरी विचारायला हवं होतं. मास्तरांची बायको मासूमाचाची नवरा गेल्यानंतरचे महिने पाळत होती. ती घराबाहेर पडत नव्हती. जना एकटी आत गेली आणि सहदेव ओट्यावर पाठ करून बसला.

"हात दाखव," चाची म्हणाली.

जनाने उजवा पुढे केला.

"तो नाय. तो दुसरा."

चाचीने तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ ती तळव्याकडे बघत होती. "आमचे हे जेवायचे उजव्यानं आणि कापायचे डाव्यानं," ती म्हणाली. "मी एकदा म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, भूक उजव्या हाताला लागते गं, अक्कल डाव्यात हाय." ती हसली, आणि हसता हसता तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. "घे बाय कात्री. नुसती पडली तर गंजेल. आणि बाहेर तो बसलाय ना, त्याला सांग, थर टाकताना तोंड बंद ठेवू नको. आमचे हे नेहमी सांगायचे, हात इसरतात, तोंड इसरत नाय."

"म्हंजे?"

"त्याला ठाऊक हाय."

सहदेवने तिला वाटेत समजावलं. खाकी ड्रीलच्या कापडाला एक बाजू सुलट असते, तिच्यावर तिरप्या रेघा उठून दिसतात. कापड टाकणाऱ्याने सुलट बाजू वर ठेवून थरावर थर टाकायचे आणि झालं की मोठ्याने म्हणायचं, 'सुलट'. मग कापणाऱ्याने पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून डावी बाही कापायची. ती झाली की 'उलट' म्हणून फर्मा पालथा घालायचा आणि उजवी कापायची. मास्तर असेपर्यंत हे रोज चाले. गोदामाच्या बाहेरून जाणारे लोक हसायचे.

"मोठ्यानं म्हणायचं?" जनाने विचारलं.

"मोठ्यानं."

"तुमी तर मोठ्यानं बोलतच नाय."

"शिकीन."

सहदेवने एक तयार शर्ट सगळा उसवून तिच्यापुढे मांडला. कुठला तुकडा कुठे जातो, कुठे शिवणीला कापड सोडायचं, बाहीचा काखेकडचा खोलगट काप पुढून मागच्यापेक्षा जास्त का, सगळं. जना आधी चिंध्यांवर कापायला शिकली, मग एका थरावर, मग अनेक थरांवर. मनगट सुजलं. आत्याने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, जात्यावर दळलं. रात्री हळद लावायची आणि सकाळी पुन्हा टेबलाशी उभी राहायची. टेबल राहिलं तरच आपण राहणार, नाहीतर कडावला परत, आणि जन्मभर 'ती डावखुरी' म्हणून चुलीपुढे – हे तिला पक्कं समजलं होतं.

सहदेव टेबलाच्या पलीकडून खडूने रेघ मारत यायचा. जना अलीकडून कापत जायची. दोघं समोरासमोर, त्याचा उजवा हात आणि तिचा डावा एकाच कडेला. टेबलाच्या मधोमध ते भेटायचे. मग एकाने थांबायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची. कोण थांबणार, हे कधी ठरलेलं नसायचं...

"सरका की," जना म्हणायची.

"आधी तू."

"कात्री माज्या हातात हाय. बोटं जातील तुमची."

"मग शिवणार कोण?"

"तेच म्हंते. सरका."

येसाजी मशीनवरून ओरडायचा, "दोघंबी सरका रं! बाह्या पायजेत मला, गप्पा नकोत!"

ठाकरवाडीची मंगळी करवंदं विकायला यायची. सहदेव पळसाच्या पानात करवंदं घेऊन टेबलाच्या कडेला ठेवायचा, जनाच्या बाजूला. कुणासाठी ते सांगायचा नाही. जना खायची, कुणी ठेवली ते विचारायची नाही. फक्त एकदा म्हणाली, "आजची आंबट होती. ज्यानं आणली त्याला सांगा."

"सांगतो," सहदेव म्हणाला. "तो म्हंतो, खाल्ली तर समदी."

एक दिवस तिने त्याच्या फाटक्या बाहीकडे बोट केलं. "शिवणाऱ्याचीच बाही फाटकी. लाज नाय वाटत?"

त्याने बाहीकडे पाहिलं.

"बायजा असती तर म्हटली असती," तो म्हणाला. "माजी बायको. हिवतापानं गेली. दोन पावसाळे झाले. ती नव्हती तवा भाकरी करायला शिकलो. पण कुणाशी बोलायला, ते काय जमलं नाय."

जनाने खडू उचलला आणि त्याच्यापुढे सरकवला. "मग टेबलाशी बोलत जा. मी ऐकतेच हाय." आणि जरा थांबून म्हणाली, "शर्ट मी कापीन तुमचा. तुमी शिवा."

"खाकी?"

"खाकीच. दुसरं कापड कुठं मिळतंय?"

तो हसला. इतक्या दिवसांत जनाने त्याला असं पहिल्यांदाच पाहिलं. गालाला एक खळी पडत होती, एकाच बाजूला. संध्याकाळी मुद्र्याला चालत जाताना तिला ती पुन्हा पुन्हा आठवत होती.

लॉटचं काम पुढे सरकलं. पाठी कापून झाल्या, पुढचे भाग झाले, फक्त बाह्या राहिल्या. आणि नेमक्या त्या सकाळी येसाजी पान लावता लावता सहज बोलून गेला, "सहदेवा, पुण्याचा तो माणूस काल येऊन गेला म्हणं. कवा निघणार मग?"

जनाचा हात थांबला. "कुठं?"

"अगं, फौजी कारखान्यात. पगार दुप्पट, राहायला खोली. लॉट गेला की हा चालला."

जनाने सहदेवकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"खरं हाय?"

"मास्तर असतानाच हो म्हटलं होतं," तो म्हणाला. "तवा मला इथं ठेवणारं काय नव्हतं."

"आन् आता?"

त्याने खडू उचलला आणि टेबलाच्या कडेवर नुसताच घासत राहिला. जनाने कात्री उचलली. "टाका थर. शेठ यायचा हाय."

त्या दिवशी टेबलाशी कुणी बोललं नाही. सहदेवने थर टाकले आणि तो बाजूला झाला. जनाने फर्मा ठेवला, कापला, पुढे सरकवला, पुन्हा कापला. तिला फर्मा दिसत नव्हता, पुण्याची गाडी दिसत होती. एक गठ्ठा झाला, दुसरा झाला. उरलेल्या तुकड्यांचा थरही तिने रागाने टाकला आणि कापून काढला. ना कुणी सुलट म्हटलं, ना कुणी उलट.

दुसऱ्या दिवशी येसाजीने पहिल्या शर्टाला बाही लावली. छान बसली. दुसरी घेतली. फिरवून बघितली. तिसरी घेतली, चौथी घेतली. मग त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"जने, ह्या पलटणीत समद्यांना दोनी हात डावेच हायत का गं?"

बायका हसल्या. मग जनाचा चेहरा पाहून गप्प झाल्या. ती धावत येऊन ढिगातल्या बाह्या एकेक करून बघू लागली. डावी. डावी. ही पण डावी. सगळ्या बाह्या डाव्या होत्या, आणि या लॉटचं कापड संपलं होतं.

"चूक माजी," सहदेव म्हणाला. "थर मी टाकले. सुलट म्हणायचं काम माजं."

"फर्मा माज्या हातात होता. उलट मी म्हणायचं होतं."

"आता बोलतायत," येसाजी म्हणाला. "काल तोंडाला काय कुलूप घातलं होतं?"

जना खाली बसली. शेठ आला की मशिनं कल्याणला जाणार. कात्री चाचीकडे परत. सहदेव पुण्याला. आणि आपण... तिने डावा हात उघडला, त्याच्याकडे बघितलं. मग तिची नजर भिंतीकडे गेली. गासड्यांकडे.

ती उठली.

"अगं, शेठनं हात लावू नका म्हटलंय," येसाजी म्हणाला.

"कात्री लावू नका असं कुठं म्हटलंय?" जना म्हणाली. "काका, ऐका. ह्या लॉटला उजव्या बाह्या पायजेत. त्या पुढच्या कापडातनं कापू. पुढच्या लॉटला डाव्या लागतील, त्या ह्या बगा, तयार. कापड कुठं गेलं नाय. नुसतं आधीचं नंतर आन् नंतरचं आधी झालं."

सहदेव तिच्याकडे बघत होता. "म्हंजे पुढचा लॉट शेठला इथंच शिवावा लागंल," तो सावकाश म्हणाला. "उजव्या बाह्या गेलेलं कापड कल्याणला नेऊन करणार काय?"

"ते माज्या ध्यानात नव्हतं," जना म्हणाली. तेच तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं होतं.

"आन् त्यानं तुला काढून टाकलं तर?"

"टाकू दे. दुसरा कापणारा कुठनं आणतो बगू." तिने गासडीची दोरी कात्रीत धरली. "टाकताय थर, का मीच टाकू?"

दोरी तुटली. सहदेवने कापड ओढलं, झटकलं, टेबलभर पसरलं. थरावर थर. मग त्याने असा आवाज काढला की येसाजी दचकला.

"सुलट!"

"उलट!" जना ओरडली आणि तिने फर्मा पालथा घातला.

सगळा दिवस गोदाम तेच ओरडत होतं. त्याने सुलट म्हणायचं, तिने उलट. हळूहळू काजंवाल्या बायकाही तिच्याबरोबर ओरडू लागल्या. स्टेशनावरचे हमाल डोकावून गेले. उजव्या बाह्यांचा ढीग डाव्यांच्या ढिगाला जाऊन भिडला.

मोरूशेठ आला तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि लॉट बांधून दाराशी ठेवला होता. शेठने एक शर्ट काढून उजेडाकडे धरला, शिवण ताणून बघितली, मान हलवली. मग त्याला फुटलेली गासडी दिसली.

"ही कुणी फोडली?"

सहदेव पुढे झाला, पण जना त्याच्या आधी बोलली.

"मी."

"तू कोण?"

"मी कापणारी." तिने कात्री उचलून दाखवली, डाव्या हातात. लपवली नाही. "चूक झाली होती, ती ह्या कापडानं निस्तरली. तुमच्या पुढच्या लॉटच्या डाव्या बाह्या तिथं बांधून ठेवल्यात. उरलेलं कापड इथंच कापलं तर एक चिंधी वाया जायची नाय. कल्याणला न्यायचं असंल तर शेठ, कापणारा आधी बगून ठेवा."

शेठचा चेहरा लाल झाला. "आता कारखाना कसा चालवायचा ते मी तुमच्याकडून शिकू?"

शेठ गासडीवर बसला आणि टोपीने वारा घेऊ लागला. तो कल्याण, भिवंडी, ठाणे सगळं मनातल्या मनात फिरून आला असणार. कुठेच कुणी सापडलं नाही.

"नेरळचा खोगीरवाला हाय की अजून," येसाजी अदबीने म्हणाला.

आधी बायका हसल्या, मग सगळं गोदाम हसलं. शेवटी शेठच्याही मिश्या हलल्या.

"पगार मास्तरांचाच देईन," तो उठत म्हणाला. "पण पुन्हा माझ्या गासडीला न विचारता..."

"नाय," जना म्हणाली. "आता तोंड उघडं ठेवूनच काम करू."

शेठ लॉट घेऊन गेला. सगळे घरी निघाले. जनाने चूल पेटवून चहा केला आणि सहदेवच्या मशीनजवळ कप घेऊन आली. कप उजव्या हातात होता, जपून धरलेला.

त्याने घेतला नाही.

"काय झालं?"

"हा हात मला ओळखत नाय," तो म्हणाला. "तो दुसरा दे."

जनाने कप डाव्या हातात घेतला आणि पुढे केला. त्याने तो उजव्या हाताने घेतला. दोघांची बोटं कपाभोवती जरा जास्तच वेळ राहिली... चहा हिंदकळला, कुणी पर्वा केली नाही.

"पुण्याची गाडी कवाची?" तिने विचारलं.

"जात नाय मी."

"मी थांबा म्हटलं नाय."

"नाय म्हटलंस. म्हणून मीच सांगतो." त्याने कप खाली ठेवला. "बायजा गेली तवा मला वाटलं, आता नुसतं काम करायचं आन् दिवस ढकलायचे. तिला मी इसरणार नाय, जना. हे तुला आधीच सांगतो. पण सकाळी गोदामात येताना आता पाय उचलतात. तू टेबलाशी असलीस तर... असंच येत राहावंसं वाटतं. आत्याकडं येऊन विचारीन, कडावला तुज्या आबांना विचारीन. पण त्याच्या आधी तुला विचारतो."

"विचारा की मग."

त्याने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "सुलट."

टेबलावर कापड नव्हतं, फर्मा नव्हता. जनाने त्याच्या फाटक्या बाहीला हात लावला. डावा हात.

"मोठ्यानं म्हणायचं असतं," ती म्हणाली.

"सुलट!"

"उलट," जना म्हणाली, आणि तिने बाही सोडली नाही.

चातुर्मास लागायच्या आत, पाऊस थोडा उघडल्यावर लग्न झालं. भटजींनी नवरीचा उजवा हात मागितला आणि तिने तो निमूट दिला. मासूमाचाचीचे बाहेर न पडण्याचे महिने अजून संपले नव्हते. तिने इद्रिसच्या हाती खडूची नवी पेटी पाठवली.

पुढचा लॉट गेला. त्याच्या पुढचाही गेला. मग लढाई संपली, खाकीची कामं थांबली आणि त्याच टेबलावर पायजमे आणि शाळेतल्या पोरांच्या चड्ड्या निघू लागल्या. ती कात्री जनाच्याच हातात राहिली.

त्या रागाच्या दिवशी तुकड्यांचा जो थर तिने कापला, त्यातली एक डावी बाही उरली. पुढच्या लॉटात सगळ्यांना जोड मिळाली, हिला मिळाली नाही. जनाने ती घडी करून टेबलाच्या खणात ठेवली. सहदेवच्या शर्टाची सुरुवात म्हणून. दर दिवाळीला ती म्हणायची, यंदा त्याच रंगाचं ड्रील मिळालं की बाकीचं कापते. सहदेव म्हणायचा, घाई काय हाय?

बाही खणात आहे. तिच्या जोडीची उजवी अजून कापायची राहिली आहे.